‘सेट ॲज डिफॉल्ट’ या एका बटणाचं परीक्षण

मायक्रोसॉफ्ट वर्डची परीक्षणं पुष्कळ झाली असतील. मी त्यातल्या फक्त एका बटणाचं लिहिणार आहे. बटणाचं नाव ‘सेट ॲज डिफॉल्ट’. ते फॉन्टच्या डायलॉगमध्ये आहे, पॅराग्राफच्या डायलॉगमध्ये आहे, पेज सेटअपमध्येही आहे, आणि डोळ्यांनी काम करणारी माणसं सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. पानावर काही वेडंवाकडं दिसलं की माउसनं ओढायचं, खेचायचं, झालं त्यांचं काम. मला दिसत नाही. अंधुकबिंधुक नव्हे, अजिबात नाही. त्यामुळे पान कसं दिसणार हे मला टाइप करायला बसायच्या आधी ठरवावं लागतं, आणि मी ठरवलेलं वर्डनं उद्या-परवाही लक्षात ठेवावं लागतं. या कामाला हे बटण वर्डच्या बाकी सगळ्या झगमगाटापेक्षा जास्त उपयोगी आहे. पाचापैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते ओघात येईलच.

इंदूरला एमजी रोडवर, कोर्टाच्या जवळ, एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी टायपिंग करते. तिथं सगळं हिंदीत नाहीतर इंग्रजीत. संध्याकाळी राजेंद्रनगरला घरी आलं की मराठी: कुणाची लग्नपत्रिका, गणेशोत्सवाची स्मरणिका, कुणा आजोबांनी मोबाइलवर बोलून पाठवलेल्या आठवणी. विंडोजचं मशीन, त्यावर वर्ड, आणि वाचून दाखवायला एनव्हीडीए. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, ते स्वतः अंध आहेत. जॉज नावाचा दुसरा स्क्रीन रीडरही मी वापरून पाहिलाय. उत्तम आहे, पण परवाना विकत घेतलेला नसेल तर ४० मिनिटं बोलतो आणि मग मशीन पुन्हा चालू करा म्हणतो. आमचे साहेब डिक्टेशन द्यायला लागले की ४० मिनिटांत पक्षकारांच्या वल्दियतीतून, म्हणजे बापांच्या नावांतून, बाहेर येत नाहीत. तेव्हा एनव्हीडीएच बरा.

आता मुळात कंपनीनं दिलेल्या सेटिंगला काय झालं? वाईट काही नाही, फक्त ती आपल्या कामाची नाहीत. २००७ च्या वर्डपासून कित्येक वर्षं नवी फाइल उघडली की कॅलिब्री ११ मिळायचा. २०२३ पासून वर्गणीवाल्या वर्डमध्ये त्याच्या जागी ॲप्टोस आला. टाइप करणाऱ्याला यात काही जाणवत नाही. पण कोर्टाबाहेरच्या प्रिंटवाल्याकडे जुनं वर्ड असतं, त्यात ॲप्टोस नसतो, मग ते मशीन आपल्या मनानं दुसरा कुठला तरी फॉन्ट लावतं. ओळी वेगळ्या जागी तुटतात, पानं पुढेमागे होतात, आणि हातानं टाइप केलेल्या अनुक्रमणिकेत पान १४ वर सांगितलेला दस्तऐवज १५ वर जाऊन बसतो. स्क्रीन रीडर याबद्दल चकार शब्द काढणार नाही, कारण माझ्या मशीनवर सगळं जागच्या जागी असतं. म्हणून पहिला नियम असा की फॉन्ट प्रत्येक मशीनवर सापडेल असाच घ्यायचा. इंग्रजीला टाइम्स न्यू रोमन. देवनागरीला मंगल किंवा निर्मला यूआय. निर्मला विंडोज ८ पासून आपोआपच येतो. विंडोज १० मध्ये मंगल हा ऐच्छिक फॉन्टांच्या गठ्ठ्यात गेला, पण हिंदी किंवा मराठी भाषा जोडली की तोही येऊन बसतो. कोकिला दिसायला सुबक आहे असं सगळे म्हणतात, पण त्याचं अक्षर लहान. मंगलमध्ये १२ ठेवलं असेल तर कोकिलाला १६-१७ तरी करावं लागतं.

तर कंट्रोल डी. फॉन्टचा डायलॉग उघडतो आणि फोकस थेट फॉन्टच्या नावाच्या खान्यावर येतो. नाव सरळ टाइप करायचं, यादीत भटकायची गरज नाही. टॅब केला की स्टाइल, पुन्हा टॅब केला की साइज. इथपर्यंत पोचून ‘झालं’ म्हणून ऑल्ट डी, म्हणजे आपलं ‘सेट ॲज डिफॉल्ट’, दाबणारे खूप आहेत, आणि मराठी टाइप करणाऱ्याचा घात नेमका इथं होतो. कारण हे तीन खाने ‘लॅटिन टेक्स्ट’चे, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचे. आणखी टॅब मारत गेलं की फॉन्ट, स्टाइल, साइज असे तेच तीन खाने पुन्हा ऐकू येतात. डायलॉग गोल फिरून पहिल्या जागी आला असं वाटतं, पण तसं नसतं. हे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चे खाने, आणि देवनागरी यांच्या हुकुमात असते. तिथं आधी ‘प्लस बॉडी सीएस’ असं काहीतरी अगम्य ऐकू येईल. ते पुसून मंगल लिहायचं, साइज वेगळी द्यायची. इंग्रजीचा १४ इकडे आपोआप येत नाही.

म्हणजे वरचे तीन खाने भरून तुम्ही ‘टाइम्स, १४’ असं ठरवलंत आणि सगळी स्मरणिका मराठीत टाइप केलीत, तर त्या १४ चा तुमच्या एकाही अक्षराला स्पर्श झालेला नसतो. डोळ्यांना हे पहिल्या ओळीतच कळतं. कानाला कधीच नाही. शंका आली तर मराठी शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल डी दाबायचं आणि खालच्या तीन खान्यांत काय आहे ते ऐकायचं. मी तरी तेच खरं धरते. आणि हो, खालचे खाने सापडतच नसतील तर विंडोजमध्ये हिंदी-मराठीची भाषा जोडलेली नाही असं समजा. आधी ती जोडा, मग वर्ड उघडा.

दोन्ही बाजू भरल्या की ऑल्ट डी. मग एक छोटी खिडकी विचारते की हे एवढ्याच डॉक्युमेंटसाठी, की नॉर्मल टेम्प्लेटवर, म्हणजे नव्या फाइलींच्या मूळ साच्यावर, आधारलेल्या सगळ्यांसाठी? निवड आधीपासून पहिल्यावर असते. बटणाचं नाव ‘डिफॉल्ट’, आणि डिफॉल्ट उत्तर ‘एवढ्याच डॉक्युमेंटसाठी’! अर्धा तारा इथंच गेला. घाईत एंटर दाबला की आजची फाइल झकास, उद्याच्या फाइलीत ये रे माझ्या मागल्या. डाउन ॲरो एकदा, दुसरा पर्याय पूर्ण ऐकायचा, आणि मगच एंटर.

या बटणाची ताकद आमच्या ऑफिसनं उलट्या बाजूनंही पाहिली आहे. दुसरे टायपिस्ट आहेत, भला माणूस, हात विजेसारखा चालतो, पण सगळं कृतिदेवात. मध्य प्रदेशात हिंदी टायपिंग म्हटलं की अजून कितीतरी ठिकाणी कृतिदेवच. बाहेरच्यांसाठी सांगते: कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला देवनागरी मुखवटा. कागदावर ‘भारत’ दिसतं, फाइलीत आत असतं ‘एच के के जे आर’, आणि एनव्हीडीए मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. त्यामुळे त्यांची फाइल मला वाचता येत नाही, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरं असलेली, करून घ्यावी लागते. एवढ्यापुरतं आमचं जमलेलं होतं. मग त्यांनी एकदा सोयीसाठी कृतिदेवलाच ‘सेट ॲज डिफॉल्ट’ केलं, आणि त्या दिवशी माझं मशीन दुरुस्तीला गेलेलं म्हणून मी त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच लॉगिनमध्ये बसले होते.

एक नोटीस टाइप केली. मजकूर हिंदी, मधेमधे इंग्रजी: कलमांचे आकडे, कंपनीचं नाव, चेकचा तपशील. एनव्हीडीएनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. प्रिंटवाल्याचा फोन आला, “दीदी, हिंदी तो बढ़िया है, ये बीच-बीच में कौन सी भाषा डाल दी?” हिंदी युनिकोडमधली, ती खालच्या खान्यांच्या भरवशावर, म्हणून सुखरूप. इंग्रजी वरच्या खान्यात, तिथं कृतिदेव. कंपनीच्या नावाला देवनागरी मुखवटा चढला आणि कागदावर नुसती अक्षरांची भेळ. ती भेळ मी कितीही वेळा ऐकली असती तरी मला शुद्ध इंग्रजीच ऐकू आलं असतं.

त्यानंतर त्या मशीनवर माझं वेगळं विंडोज लॉगिन झालं. वर्डचं हे सगळं ठरवलेलं ‘नॉर्मल डॉट डॉटएम’ नावाच्या टेम्प्लेट फाइलीत जातं आणि ती फाइल प्रत्येक विंडोज खात्याची निराळी असते. एका मशीनवर दोघं बसत असाल तर खाती वेगळी ठेवा, भांडणं वाचतील. त्यांना कृतिदेव लखलाभ. (सरकारी नोकरीसाठी इथं सीपीसीटी नावाची परीक्षा असते, तिच्यात हिंदी युनिकोडमध्ये टाइप करावी लागते. नव्या मुलांना त्यामुळे ती सवय आहे. आमच्या पिढीचं कठीण आहे.)

पॅराग्राफसाठी ऑल्ट एच, मग पी, मग जी. इथंही तेच बटण, तीच खिडकी, तोच डाउन ॲरो. वर्ड प्रत्येक परिच्छेदानंतर आपणहून ८ पॉइंटची जागा सोडतं. आपण जुन्या सवयीनं दोनदा एंटर मारतो, आणि कागदावर परिच्छेदांमध्ये खिंडार पडतं. मी ‘आफ्टर’च्या खान्यात शून्य टाकून ठेवलंय आणि ओळींमधलं अंतर दीडपट. ओळींच्या अंतराच्या यादीत ‘एक्झॅक्टली’ नावाचा पर्याय आहे, त्याला देवनागरीत हात लावू नका. अंतर कमी पडलं तर तो वरच्या मात्रा आणि वेलांट्या कापतो. ‘मैत्रीण’ वाचताना एनव्हीडीए काहीच बोलणार नाही, कागदावर मात्र बिचारीच्या डोक्यावरचं छप्पर उडालेलं असेल. कुणी ‘पानं कमी करा’ म्हणून मागे लागलं तर फॉन्ट एक पॉइंट उतरवा, ‘एक्झॅक्टली’ नको.

पेज सेटअप सोपं. ऑल्ट पी, मग एस, मग पी. समास, कागदाचा आकार, पुन्हा तेच ऑल्ट डी. इथली खिडकी मात्र सरळ विचारते: यापुढच्या सगळ्या नव्या फाइलींना हे लागू होईल, हो की नाही? असंच फॉन्टलाही विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? आमच्याकडे डावीकडे दीड इंच लागतो, फाइलीला भोकं पाडून दोरा ओवायला. कागदाच्या टॅबवर जाऊन ए-४ च आहे ना ते एकदा ऐकून घ्यावं. विंडोजचा प्रदेश अमेरिका असेल तर तिथं ‘लेटर’ बसलेलं असतं, तो कागद ए-४ पेक्षा रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. जेल रोडवरून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपांत हे हमखास सापडतं.

हेडिंगं या बटणाच्या हाताबाहेर आहेत हे कुणी सांगत नाही. मजकुराचा फॉन्ट बदलला तरी ‘हेडिंग वन’ आपल्या जुन्याच फॉन्टात आणि निळ्या रंगात राहतं. हेडिंगं सोडूनही देता येत नाहीत, कारण एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये (टाइप न करता फक्त वाचत फिरायची सोय) एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारता येतात. शंभर पानांच्या स्मरणिकेत तेवढाच एक जिना आहे. मग कंट्रोल शिफ्ट एस, त्यात स्टाइलचं नाव, मॉडिफाय, रंग काळा, फॉन्ट आपला, आणि शेवटी ‘न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट’ हे रेडिओ बटण. तेही आधी ‘फक्त या डॉक्युमेंटपुरतं’वरच असतं. वर्डला आपल्यावर भरवसाच नाही, कायमचं काही करू म्हटलं की दर वेळी ‘नक्की ना?’

आता वर्डच्या आगाऊपणाबद्दल. ऑल्ट एफ, टी, तिथून ‘प्रूफिंग’, त्यात ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’, आणि त्यातला ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ हा टॅब. या टॅबमध्ये मी कत्तल केली आहे. आपोआप आकडे घालणं बंद. कारण वर्डनं घातलेला आकडा हा टाइप केलेला आकडा नसतो. ओळ ऐकताना तो ऐकू येतो, पण ॲरोनं एकेक अक्षर चालत गेलं तर कर्सर त्याच्यावर थांबतच नाही. वकिली मजकुरात ‘परिच्छेद ७ पाहा’ असं लिहिलेलं असतं आणि मधे एक परिच्छेद वाढला की वर्ड सात नंबरचा आठ करून मोकळं होतं. तो आकडा माझ्या हातातच असलेला बरा.

त्याच टॅबमध्ये ‘बॉर्डर लाइन्स’ नावाचा चेकबॉक्स आहे. हा भलता खोडकर. तीन हायफन मारून एंटर दाबला की हायफन गायब आणि पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ. शोधायला गेलं तर मिळत नाही, कारण ती अक्षर नसतेच, वरच्या परिच्छेदाची कड असते. बॅकस्पेसनं जात नाही, डिलीटनं जात नाही. त्या परिच्छेदावर जाऊन कंट्रोल क्यू मारलं की जाते, परिच्छेदाची बाकीची खास मांडणीही सोबत घेऊन. त्यापेक्षा चेकबॉक्सच काढून टाकावा.

त्याच ऑप्शन्समध्ये आणखी काही खुंट्या आहेत. ‘जनरल’मध्ये स्टार्ट स्क्रीन बंद करायची, मग वर्ड उघडल्यावर टेम्प्लेटांची जत्रा न ऐकता थेट कोरं पान मिळतं. ‘सेव्ह’मध्ये कीबोर्ड शॉर्टकटनं उघडताना-साठवताना बॅकस्टेज (फाइल मेनूचं पानभर पसरलेलं रूप) दाखवू नको असं सांगणारा चेकबॉक्स आहे, तो लावायचा. जुनी साधी सेव्हची खिडकी येते, तिच्यात हरवायला होत नाही. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये दुसऱ्या प्रोग्रामातून पेस्ट करताना फक्त मजकूर घे, असं ठरवता येतं. हे मराठीच्या कामात सगळ्यात मोलाचं, कारण लोक मजकूर व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर पाठवतात आणि तो आपला फॉन्ट, आपला रंग बरोबर घेऊन येतो. तिथंच आजूबाजूच्या मजकुराची भाषा बघून कीबोर्ड आपोआप बदलण्याचा पर्यायही आहे. मी तो बंदच ठेवते. इंग्रजी ओळीवरून वर-खाली गेलं म्हणून माझा मराठी कीबोर्ड का म्हणून बदलायचा?

वर्डबद्दल एवढं बास. कानाच्या बाजूनंही थोडं करावं लागतं. एनव्हीडीएला फॉन्टचं नाव, साइज, ओळींचं अंतर, इंडेंट असं सगळं बोलायला लावता येतं: एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट), कंट्रोल, डी. पण टाइप करताना हे सगळं ऐकत बसलं तर माणूस वेडा होईल. म्हणून कॉन्फिगरेशन प्रोफाइल. एनव्हीडीए की, कंट्रोल, पी दाबलं की ती खिडकी. माझी एक प्रोफाइल वर्डपुरती, तिच्यात तो फारसं बोलत नाही. दुसरी हातानं लावायची, नाव ठेवलंय ‘तपासणी’. ती लावली की फॉन्ट बदलला, साइज बदलली, रंग बदलला, जिथं बदललं तिथं सांगतो. कृतिदेवची भेळ या प्रोफाइलमध्ये पहिल्याच इंग्रजी शब्दाला पकडली असती. आता कोणतीही फाइल ऑफिसाबाहेर जायच्या आधी तपासणीत एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेते.

आवाजाचं म्हणाल तर मराठी मजकूर मी बहुतेक वेळा विंडोजच्या हिंदी हेमंतकडून ऐकते. ‘चहा’तला च आणि ‘चाका’तला च त्याला एकच. पण वाचतो स्वच्छ. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ई-स्पीक या यांत्रिक आवाजात मराठी आहे. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी, तरी झपाट्यानं वाचते आणि एकेक अक्षर तपासायला तीच बरी पडते.

आता या बटणाच्या मागची फाइल. विंडोज की आणि आर दाबून रनच्या खिडकीत ॲपडेटाचा पत्ता (%appdata%) दिला की आत ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘टेम्प्लेट्स’, आणि त्यात ही नॉर्मल डॉट डॉटएम. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. मशीन दुरुस्तीला गेलं होतं म्हटलं ना, ते परत आलं ते फॉरमॅट होऊन. दुरुस्तीवाला म्हणाला, “सब नया जैसा कर दिया मैडम!” केलंन खरं. वर्ड बंद करून पेनड्राइव्हवरची प्रत जागेवर ठेवली आणि फॉन्ट, परिच्छेद, समास, हेडिंगं सगळी परतली. स्टार्ट स्क्रीन आणि ऑटोफॉरमॅटचे चेकबॉक्स मात्र या फाइलीत राहत नाहीत, ते विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात, त्यामुळे ती कत्तल पुन्हा करावी लागते. त्यांची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवलेली असली की काम पटकन आटपतं. उलट बाजूनं, कधी सगळंच बिघडलं आणि कारण सापडेना, तर ही फाइल तिथून काढून टाका. पुढच्या वेळी वर्ड उघडताना नवी कोरी बनवून घेतं.

ज्यांना वर्डवर पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी लिबरऑफिस रायटर. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून फुटून निघालेलं, फुकट. घरच्या जुन्या मशीनवर माझ्याकडे आहे. डिफॉल्टच्या बाबतीत ते वर्डपेक्षा प्रामाणिक आहे असं मी म्हणेन. ऑल्ट एफ १२ दाबून ऑप्शन्स उघडले की रायटरच्या खाली ‘बेसिक फॉन्ट्स’ची दोन वेगळी पानं: एक वेस्टर्न, एक सीटीएल. सीटीएल म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, त्यात देवनागरी. दोन्ही समोर मांडलेली, लपवाछपवी नाही. हेडिंगचा फॉन्टही त्याच पानावर ठरतो. भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करायला मात्र विसरू नका. समास वगैरे धरून पूर्ण साचा हवा असेल तर हवी तशी फाइल बनवायची, टेम्प्लेट म्हणून सेव्ह करायची आणि त्याच खिडकीत ती डिफॉल्ट करायचा चेकबॉक्स लावायचा. साठवण्याचा प्रकारही डॉकएक्स, म्हणजे वर्डचा, करून ठेवावा, नाहीतर प्रिंटवाला रायटरची ओडीटी फाइल बघून आपल्यालाच प्रश्न विचारतो. लांब फाइलीत आणि तक्त्यांत एनव्हीडीएला तिथं मला वर्डइतका वेग मिळत नाही, म्हणून ऑफिसचं काम तिकडे नेलं नाही. तीन तारे, आणि देवनागरीला मानाचं पान दिलं म्हणून वर पाव.

गूगल डॉक्समध्येही नेहमीची स्टाइल आपली म्हणून साठवता येते, स्क्रीन रीडरचा आधार कंट्रोल ऑल्ट झेडनं चालू होतो. पण पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं नेट म्हणजे बेभरवशाचं काम, त्यामुळे त्याला तारे देत नाही.

सगळं लावून झालं की एक चाचणीचं पान काढा, डोळस माणसाच्या मदतीनं एकदाच. त्यात एक ओळ इंग्रजी, एक हिंदी, एक मराठी. मराठीच्या ओळीत ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ असा एक शब्द, एक ‘मैत्रीण’, एक ळ. (इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर ऱ शिफ्ट जे ला आणि ळ शिफ्ट एन ला आहे.) एक हेडिंग. दोन परिच्छेद, मधे एकच एंटर. पान छापा आणि बघणाऱ्याला ‘कसं दिसतंय?’ असं विचारू नका, तो ‘मस्त’ म्हणेल. विचारा: तिन्ही ओळींचं अक्षर सारख्याच उंचीचं आहे का, मात्रा कापल्या आहेत का, हेडिंग काळं आहे का, डावीकडे पट्टी लावून किती इंच भरतात. आमचा प्रिंटवाला आता पट्टी काढूनच ठेवतो आणि पानाचे पैसे घेत नाही. दोन समोसे मात्र घेतो.